टीएनएफ रोखले आणि सोरायसिस उगवला: एका प्रकरणाचा अभ्यास

सोरायसिस आटोक्यात ठेवणारे औषध घेताना सोरायसिस झाला, असे म्हटले की ऐकणाऱ्याला आधी औषधाचे नाव चुकले असावे असे वाटते. नाव चुकलेले नसते. अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी टीएनएफला (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला) अडवणारी औषधे सोरायसिसवर वर्षानुवर्षे दिली जातात. तीच औषधे क्रोन्स किंवा सांध्यांच्या आजारासाठी घेणाऱ्या काही जणांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि डोक्यात हाच आजार नव्याने उगवतो. याला विरोधाभासी सोरायसिस म्हणतात. क्रोन्ससारख्या आतड्याच्या आजारात टीएनएफरोधक घेणाऱ्यांपैकी साधारण २ ते ५ टक्के लोकांत तो दिसतो, म्हणजे तो फार दुर्मिळ नाही. तरी ओळखायला उशीर होतो, कारण पुरळाचा दोष आतड्याच्या औषधाला जाईल असे कोणाच्या डोक्यात येत नाही.

पुढचे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे. आकडेही त्याच हिशेबाने घेतले आहेत.

रुग्ण

वय ३१, वजन ५७ किलो, स्त्री. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठे आतडे यांचा क्रोन्स आजार चार वर्षांपासून. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनने भागले नाही म्हणून अडॅलिमुमॅब सुरू केले: आधी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, मग दर दोन आठवड्यांनी ४०. तीन महिन्यांत पोटदुखी थांबली, वजन वाढले, शौचातले रक्त गेले. आतड्याच्या बाजूने पाहिले तर हा उपचार यशस्वी होता, आणि पुढचा सगळा पेच याच यशातून उभा राहिला.

सातव्या महिन्यात तळपायांच्या खळग्यात आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यावर आग होऊ लागली. दोन-तीन दिवसांत तिथे मोहरीएवढ्या पिवळ्या पुळ्या आल्या. त्या सुकून तपकिरी ठिपके उरायचे आणि शेजारी नव्या पुळ्या यायच्या. स्वतःला किंवा घरात कोणाला सोरायसिस नव्हता. दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढण्याची सवय होती. वर्षभरात मूल हवे असल्याचेही त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. औषधाची निवड ठरवताना ही माहिती कोणत्याही रक्त तपासणीइतकीच महत्त्वाची ठरली.

वाया गेलेले सात आठवडे

आधी हे नायटे समजले गेले. बुरशीरोधक मलम आणि गोळ्या दोन आठवडे चालल्या, फरक पडला नाही. मग अॅलर्जी समजून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिलिग्रॅम दहा दिवस दिले गेले. चौथ्या दिवशी पुळ्या सुकल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. गोळ्या संपल्यावर आठव्या दिवशी पुळ्या दुपटीने परतल्या. या वेळी डोक्यात जाड खपल्या आल्या आणि केसांचे झुपके हातात येऊ लागले.

ही उसळी अपेक्षितच होती. पोटातून दिलेले स्टेरॉइड सोरायसिसची आग तात्पुरती दाबते. ते एकदम थांबले की दबलेला दाह एकदम उसळतो, आणि पूयुक्त प्रकारात हे जास्त घडते. कधी कधी पुळ्या अंगभर पसरून ताप येण्यापर्यंत मजल जाते. निदान पक्के होण्याआधी प्रेडनिसोलोनचा छोटा कोर्स देऊन पाहणे ही या प्रकरणातली सर्वांत महाग चूक होती. त्याने आजार वाढला आणि वर तुकडा तपासणीसाठी (बायोप्सीसाठी) थांबावेही लागले.

त्वचारोग विभागात काय दिसले

दोन्ही तळपाय आणि तळहात लालसर होते आणि त्यांवर वेगवेगळ्या वयाच्या पुळ्या होत्या. काही ताज्या पिवळ्या, काही सुकून तपकिरी, काहींच्या नुसत्या खपल्या. एकाच वेळी सर्व वयांच्या पुळ्या दिसणे ही महत्त्वाची खूण आहे. औषधाच्या तीव्र अॅलर्जीतून येणाऱ्या पुळ्या बहुधा एकाच वेळी उमटतात आणि एकाच वेळी सुकतात. डोक्यात चिकट, जाड खपल्यांचे चट्टे होते. त्यांतले केस हलक्या ओढीने निघत होते. कानामागे, बेंबीत आणि जांघेत चकचकीत लाल चट्टे होते, आणि दोन नखांवर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे खड्डे होते. ताप नाही, सांधे सुजलेले नाहीत, गुदद्वाराजवळ भगंदर किंवा जखम नाही.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का धरतात. त्या मापाने सगळे मिळून सुमारे ६ टक्के भाग बाधित होता. हा आकडा फसवा आहे. तळपायांचे २ टक्के बाधित झाले तरी माणसाला उभे राहता येत नाही. म्हणून तळहात-तळपायांसाठीचा वेगळा तीव्रता निर्देशांक मोजला, तो ७२ पैकी २१ आला. आणि रोजच्या जगण्यावरच्या परिणामाची प्रश्नावली भरून घेतली: ३० पैकी १७. या प्रश्नावलीत १० च्या वर गेले की परिणाम मोठा मानतात.

मग एकेक पर्याय बाजूला काढला.

बुरशीसाठी पुळीचे छप्पर आणि कडेची खपली असे दोन नमुने पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून पाहिले. तळपायाची कातडी जाड असल्याने काच २० ते ३० मिनिटे तशीच ठेवावी लागते. पाच मिनिटांत पाहून "बुरशी नाही" असे लिहिण्यात अर्थ नाही. दोन्ही नमुन्यांत बुरशी नव्हती. पुळीतल्या पुवाच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, कारण असा पू जंतूंमुळे झालेला नसतो. तळहात-तळपायांवर पुरळ आहे म्हणून सिफिलिसची रक्त चाचणी केली, ती नकारात्मक आली.

क्रोन्सच्या रुग्णात सहज विसरली जाणारी शक्यता म्हणजे जस्ताची कमतरता. शोषण बिघडलेल्या आतड्यामुळे रक्तातले जस्त घटते आणि हात, पाय, तोंडाभोवती व गुदद्वाराभोवती खपल्या-पुळ्यांचे पुरळ येते. ते सोरायसिससारखेच दिसते. यासाठी रक्त सूक्ष्म धातूंच्या वेगळ्या नळीत घ्यावे लागते, नाहीतर नळीतलेच जस्त मोजले जाते. शरीरात दाह असताना रक्तातले जस्त तसेही खाली सरकते, म्हणून निकालासोबत अल्ब्युमिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज पाहावे. या रुग्णात तिन्ही ठीक होते.

प्रेडनिसोलोन थांबून दोन आठवडे होऊ दिले आणि मग ४ मिलिमीटरच्या पंचने दोन तुकडे घेतले. एक तळव्याच्या ताज्या पुळीच्या कडेचा, दुसरा डोक्यातल्या केस गळलेल्या चट्ट्याच्या कडेचा. जुनी, सुकलेली पुळी घेतली तर फक्त खपली हाती लागते. तळव्याच्या तुकड्यात वरचा थर जाड झालेला, शिंगी थरात केंद्रके शिल्लक राहिलेली आणि पेशींच्या मधल्या जागेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे थवे होते. बुरशीच्या रंजकाने काही दिसले नाही. डोक्याच्या तुकड्यात सोरायसिससारखी जाडी होती. त्याच्यासोबत केसांच्या मुळांभोवती लिम्फोसाइटचा गराडा आणि मधूनमधून इओसिनोफिल व प्लाझ्मा पेशी, म्हणजे इतर प्रतिकारपेशी, होत्या. सोरायसिस आणि चाई यांचे असे मिश्रण टीएनएफरोधकामुळे होणाऱ्या केसगळतीत वारंवार दिसते. नेहमीच्या सोरायसिसमध्ये केसमुळांवर असा हल्ला सहसा नसतो.

पोटाची बाजू शांत होती. दाह दाखवणारी दोन मापे अशी: सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन लिटरला ४ मिलिग्रॅम, शौचातले कॅलप्रोटेक्टिन ग्रॅमला ८५ मायक्रोग्रॅम. उपचार चालू असताना २५० च्या खाली असले की आतडे सहसा आटोक्यात मानतात. पुढच्या डोसच्या आधी मोजलेली अडॅलिमुमॅबची रक्तातली पातळी मिलिलिटरला ९.६ मायक्रोग्रॅम होती, म्हणजे हवी तशी. औषधाविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. औषध नीट पोहोचत होते, नीट काम करत होते आणि त्वचेवरचा आजारही त्याच कामातून आला होता. डोस कमी करून हे सुटेल ही आशा इथेच सोडून द्यावी लागली.

निरोप कसा भरकटतो

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले प्रथिनांचे निरोप. त्वचेच्या आजारांना आपण दिसण्यावरून नावे देतो: खपली, पुळी, चट्टा, खाज. आतमध्ये मात्र कोणता निरोप वरचढ आहे यावरून आजार ठरतो. टीएनएफ, टाइप-१ इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७ हे या प्रकरणातले चार मुख्य रेणू.

नेहमीच्या सोरायसिसची सुरुवात बहुतेकदा लहानशा इजेने होते. फुटलेल्या पेशींतून डीएनए बाहेर पडतो. त्वचा स्वतःच बनवत असलेले एलएल-३७ हे जंतुनाशक प्रथिन त्या डीएनएला चिकटते. एरवी स्वतःचा डीएनए प्रतिकारशक्तीला खुपत नाही. एलएल-३७ च्या जोडीने मात्र तो प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक या पहारेकरी प्रतिकारपेशींच्या आत शिरतो आणि तिथल्या टीएलआर-९ या संवेदकाला विषाणू आल्यासारखे वाटते. पेशी इंटरफेरॉन-अल्फाचा, म्हणजे एका टाइप-१ इंटरफेरॉनचा, भडिमार करते. ही साखळी २००७ मध्ये उलगडली. इंटरफेरॉन-अल्फामुळे शेजारच्या दुसऱ्या प्रकारच्या डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात. त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-२३ सोडतात. इंटरल्यूकिन-२३ मुळे टी-पेशींची १७ क्रमांकाची फळी तयार होते आणि त्यांच्याकडून इंटरल्यूकिन-१७ व इंटरल्यूकिन-२२ निघतात.

खरे दृश्य काम शेवटच्या दोघांचे. इंटरल्यूकिन-१७ मुळे त्वचेच्या पेशी न्यूट्रोफिलना बोलावणारे केमोकाइन सोडतात, म्हणून पुळ्या आणि सूक्ष्म पूसंचय दिसतात. इंटरल्यूकिन-२२ मुळे वरचा थर जाड होतो आणि पेशी पक्व न होताच वर ढकलल्या जातात, म्हणून चंदेरी खपली. इंटरल्यूकिन-१७ एलएल-३७ चे उत्पादनही वाढवते आणि चक्र पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

या चक्रात टीएनएफ मधोमध बसतो. डेंड्रिटिक पेशींना इंटरल्यूकिन-२३ सोडायला तो उद्युक्त करतो आणि त्वचेच्या पेशींवर इंटरल्यूकिन-१७ चा परिणाम वाढवतो. त्याला रोखले की चक्र मंदावते. अडॅलिमुमॅबने सोरायसिस आटोक्यात येतो तो यामुळे.

पण टीएनएफचे आणखी एक, उलट्या दिशेचे काम आहे. तो प्लाझ्मासायटॉइड पेशींना पक्व करतो, आणि पक्व झालेली पेशी इंटरफेरॉन-अल्फा सोडणे थांबवते. ब्रेकचे काम म्हणा. टीएनएफ अडवला की या पेशी अपक्व राहतात आणि इंटरफेरॉनचा नळ उघडाच राहतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विरोधाभासी सोरायसिसच्या चट्ट्यांत नेमके हेच दिसले: टाइप-१ इंटरफेरॉन भरपूर आणि टी-पेशी नेहमीच्या सोरायसिसपेक्षा कमी. उंदरांमध्ये हा आजार टी-पेशींशिवायही उभा राहिला. म्हणजे चित्र दिसायला तेच, पण आतली यंत्रणा वेगळी.

इंटरफेरॉनच्या या वाटेचा पुरावा दुसऱ्या बाजूनेही मिळतो. हेपटायटिस-सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शने देत, तेव्हा काही रुग्णांचा सोरायसिस भडके. टीएलआर-७ ला चाळवणारे इमिक्विमोड मलम लावल्यानेही तो उठल्याच्या नोंदी आहेत. दोन्हींत टीएनएफरोधकाचा संबंध नाही, इंटरफेरॉनचा आहे.

सगळ्यांनाच हे का होत नाही? क्रोन्स आणि सोरायसिस यांच्या आनुवंशिक मुळांत इंटरल्यूकिन-२३ च्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जनुकासारखे काही धागे समान आहेत, त्यामुळे जमीन काही जणांत आधीच तयार असते. तंबाखू आणि तळव्यांवरच्या पुळ्या यांचे नाते तर जुने आहे. क्रोन्सही तंबाखूने बिघडतो. सिगारेट सोडण्याचा सल्ला इथे उपचाराचाच भाग होता, आणि सोडण्यासाठीची मदत औषधाच्या चिठ्ठीसोबतच ठरवली.

पहिले चार आठवडे: औषध न थांबवता

बाधित भाग ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि त्रास सोसण्याजोगा असेल, तर टीएनएफरोधक चालू ठेवून बाहेरून लावण्याच्या औषधांनी प्रयत्न करतात. इथे आकडा त्या रेषेच्या किंचित वर होता, पण आतडे इतके शांत होते की चार आठवडे देणे योग्य वाटले. आतड्याला लागू पडलेले औषध एका पुरळासाठी घाईने सोडायचे नसते. पुढे ते परत सुरू केले तर प्रतिपिंडे तयार होऊन निकामी ठरण्याची भीती असते.

तळवे: रात्री क्लोबेटासोल या जोमदार स्टेरॉइडचे ०.०५ टक्के ऑइंटमेंट, वरून सुती हातमोजे-पायमोजे. सकाळी कॅल्सिपोट्रिऑल. मात्रा बोटाच्या पेराने मोजली. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. दोन्ही तळहातांना एक रेघ, दोन्ही तळपायांना दोन रेघा, म्हणजे एका वेळी दीड ग्रॅम आणि १४ दिवसांत २१ ग्रॅम. १५ ग्रॅमची एकच ट्यूब लिहून दिली तर ती दहाव्या दिवशी संपते आणि "मलमाने फरक पडला नाही" अशी तक्रार येते.

डोके: आधी तेलात मिसळलेले ३ ते ५ टक्के सॅलिसिलिक आम्ल रात्रभर लावून खपल्या मऊ करायच्या, सकाळी धुवायचे, मग क्लोबेटासोलचे द्रावण. खपलीवरून औषध ओतणे म्हणजे झाकणावरून पाणी घालणे. हे आम्ल आणि कॅल्सिपोट्रिऑल एकाच जागी एकत्र लावायचे नाहीत, कारण आम्लात कॅल्सिपोट्रिऑल निष्प्रभ होते. जांघ आणि बेंबीत क्लोबेटासोल वापरले नाही. तिथली कातडी पातळ असते, म्हणून टॅक्रोलिमस ०.१ टक्के दिले.

चार आठवड्यांनी तळहात निम्म्याने सुधारले. तळपायांवर क्लोबेटासोल एक दिवसाआड करताच पुळ्या परतल्या. डोक्यातली केसगळती वाढली. हातापायांसाठी नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचाराचा विचार झाला, पण केसांखालच्या कातडीपर्यंत तो प्रकाश पोहोचत नाही. आणि केसगळती हीच आता घाई करायला लावणारी गोष्ट होती. केसमुळांचा दाह लांबला तर काहींत व्रण राहतात आणि तिथे केस पुन्हा येत नाहीत.

कोणता निरोप रोखायचा

पोटविकार आणि त्वचारोग अशा दोन्ही तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवायचा हा भाग. वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या तर काय होते हे सहज कल्पता येते: एक जण टीएनएफरोधक बदलून दुसरा टीएनएफरोधक देतो, दुसरा त्वचेसाठी सर्वांत जोमदार औषध निवडतो, आणि दोन्ही बरोबर वाटत असताना रुग्ण अडचणीत येतो.

अडॅलिमुमॅबऐवजी इन्फ्लिक्सिमॅब? रोखला जाणारा रेणू तोच, त्यामुळे पुरळ पुन्हा उमटण्याची शक्यता मोठी. एटानरसेप्ट हा टीएनएफरोधक क्रोन्सवर चालत नाही, म्हणून तो पर्यायच नव्हता.

मेथोट्रेक्सेट टीएनएफरोधकासोबत जोडता येते आणि अनेकदा तेवढ्याने भागतेही. आठवड्यातून एकदाच १० ते १५ मिलिग्रॅम, सोबत फॉलिक आम्ल. चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा दबून जीव गेल्याच्या घटना आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव अक्षरात लिहावे. इथे मूल हवे होते. गर्भावर या औषधाचा घातक परिणाम होतो आणि गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी ते थांबवावे लागते. अॅसिट्रेटिन तर त्याहून अडचणीचे, कारण ते थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. दोन्ही बाद.

सगळ्यात मोठा सापळा इंटरल्यूकिन-१७ चा. सोरायसिससाठी सेक्युकिनुमॅब, इक्सेकिझुमॅब ही औषधे झपाट्याने काम करतात आणि पुळ्या-खपल्यांना थेट जबाबदार रेणू हाच. फक्त चट्टे पाहणारा डॉक्टर इथे हात घालेल. पण आतड्यात हाच रेणू अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवतो आणि बुरशीला आवर घालतो. सेक्युकिनुमॅब क्रोन्सवर तपासले गेले तेव्हा उपयोग तर झाला नाहीच, उलट आजार बिघडला. २०१२ मध्ये ते निकाल प्रसिद्ध झाले. ब्रोडालुमॅबचा क्रोन्सवरचा प्रयोगही याच कारणाने अर्ध्यावर सोडावा लागला.

मग एक पायरी वरचा इंटरल्यूकिन-२३ रोखल्यावर आतड्याला धोका का नाही? इंटरल्यूकिन-२३ नसला तर इंटरल्यूकिन-१७ ही थांबणार नाही का? त्वचेच्या दाहात बरेचसे इंटरल्यूकिन-१७ इंटरल्यूकिन-२३ च्या हुकुमाने निघते. आतड्याच्या अस्तरात मात्र गॅमा-डेल्टा टी-पेशी त्या हुकुमाशिवायही थोडेसे इंटरल्यूकिन-१७ सोडत राहतात आणि अस्तराच्या डागडुजीला तेवढे पुरते. म्हणजे वरून रोखले तर दाहाचा पुरवठा तुटतो आणि राखणदार जागेवर राहतो. आतड्याच्या आजाराला इंटरल्यूकिन-२३ ची औषधे चालतात आणि इंटरल्यूकिन-१७ ची बाधतात, या विसंगतीचे हे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे.

उपाडासिटिनिबचाही विचार झाला. ते पेशीच्या आतले जेएके-१ हे विकर अडवते, टाइप-१ इंटरफेरॉनचा निरोप याच वाटेने पेशीत शिरतो, म्हणजे यंत्रणेच्या दृष्टीने ते नेमक्या जागी बसते आणि क्रोन्सवर मान्यही आहे. पण गर्भधारणेत ते चालत नाही. वेडोलिझुमॅब आतड्यापुरते काम करते. टीएनएफरोधक थांबल्यावर पुरळ आपोआप ओसरले तर ते पुरे, पण काहींत पुरळ औषध थांबल्यावरही रेंगाळते आणि तेव्हा हातात काही राहत नाही.

निवड झाली उस्टेकिनुमॅबची. इंटरल्यूकिन-१२ आणि इंटरल्यूकिन-२३ या दोघांतला समान पी-४० तुकडा ते पकडते, आणि सोरायसिस व क्रोन्स दोन्हींसाठी ते वापरात आहे. एक बारकावा लक्षात ठेवावा: हे औषध इंटरफेरॉन थेट रोखत नाही. इंटरफेरॉनचा नळ बंद होतो तो अडॅलिमुमॅब थांबल्याने. उस्टेकिनुमॅब त्यापुढची साखळी तोडते आणि आतडे सांभाळते.

बदल कसा केला

क्षयाची रक्त चाचणी आणि छातीचा एक्स-रे पुन्हा केला. हेपटायटिस-बी, सी आणि एचआयव्ही तपासले. जिवंत लशी या काळात देता येत नाहीत म्हणून लसीकरणाची नोंद पाहिली.

अडॅलिमुमॅबचा पुढचा डोस ज्या दिवशी होता, त्याच दिवशी त्याऐवजी उस्टेकिनुमॅब दिले. मध्ये मोकळा काळ ठेवला नाही, नाहीतर आतडे उघडे पडले असते. क्रोन्सचा पहिला डोस शिरेतून आणि वजनावर असतो: ५५ किलोपर्यंत २६०, ५५ च्या वर ८५ पर्यंत ३९०, त्यापुढे ५२० मिलिग्रॅम. सोरायसिसचा त्वचेखालचा छोटा डोस सवयीने लिहिला जाण्याची चूक इथे होते. त्याने आतड्याला पुरेशी मात्रा मिळत नाही. ५७ किलोला ३९० मिलिग्रॅम, म्हणजे १३० च्या तीन कुप्या. प्रत्येक कुपीत २६ मिलिलिटर. २५० मिलिलिटर सलाइनच्या पिशवीतून आधी ७८ मिलिलिटर काढून टाकायचे आणि तेवढेच औषध घालायचे, पिशवी हलवून फेस करायचा नाही, नळीला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावायचा आणि किमान तासभर चालू ठेवायचे. वजन त्याच दिवशी करावे. आजारात दोन-तीन किलो उतरले असले तर पायरीच बदलते.

पुढचे २४ आठवडे

अडॅलिमुमॅबचे अर्धायुष्य सुमारे दोन आठवडे. अंगातून बहुतेक निघून जायला पाच अर्धायुष्ये, म्हणजे दहा आठवडे लागतात. रुग्णाला हे पहिल्याच दिवशी सांगितले नाही तर तिसऱ्या आठवड्यात फोन येतो की नवे औषधही लागू पडत नाही.

चौथ्या आठवड्यात नव्या पुळ्या कमी झाल्या, पण थांबल्या नव्हत्या. मलमे चालू होती. पाचव्या आठवड्यात दिवसाला चार-पाच पातळ शौच होऊ लागले आणि कॅलप्रोटेक्टिन २१० वर गेले. हा क्रोन्सचा भडका समजून स्टेरॉइड सुरू करण्याचा मोह इथे होतो. त्याआधी शौचाची क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल आणि इतर जंतूंसाठी तपासणी केली, ती नकारात्मक होती. आकडा २५० च्या आत असल्याने दहा दिवस नुसते लक्ष ठेवले आणि शौच मूळपदावर आले. स्टेरॉइड दिले असते तर त्वचेची उसळी पुन्हा पाहावी लागली असती.

आठव्या आठवड्यात त्वचेखाली ९० मिलिग्रॅम, आणि तिथून दर आठ आठवड्यांनी तेवढेच. कॅलप्रोटेक्टिन १४०. बाराव्या आठवड्यात तळहात स्वच्छ, तळपायांवर तपकिरी डाग. क्लोबेटासोल आठवड्यातून दोनदा करून पुढच्या महिन्यात बंद केले. प्रश्नावलीचा आकडा १७ वरून ४ वर आला. सोळाव्या आठवड्यात तळव्यांचा निर्देशांक ३, कॅलप्रोटेक्टिन ७०. डोक्यात चट्ट्यांच्या कडांवर बारीक केस उगवले होते. चोविसाव्या आठवड्यात नाण्याएवढ्या एका जागेत मात्र केसमुळांची छिद्रेच दिसत नव्हती. तिथे व्रण झाला होता. वाया गेलेल्या सात आठवड्यांचा हिशेब असा उरला.

ताप, अंगभर पुळ्या किंवा सर्वांग लाल होणे यांपैकी काही घडले असते तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखल करावे लागले असते. तिथे इंटरल्यूकिन-३६ चा निरोप मुख्य असू शकतो आणि उपचारही वेगळे.

गर्भधारणेचा बेत आतडे सलग सहा महिने शांत राहिल्यावर पुढे नेण्याचे ठरले. गर्भारपणाच्या उत्तरार्धात हे औषध वारेतून बाळाकडे जाते. तेव्हा ते चालू राहिले तर बाळाला जिवंत लस देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना सांगायचे, हे त्यांच्या कार्डावर लिहून दिले. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत दोन ओळी आहेत: "अडॅलिमुमॅबने पूयुक्त सोरायसिस व केसगळती, टीएनएफरोधक पुन्हा देण्याआधी त्वचारोग विभागाला विचारावे. इंटरल्यूकिन-१७ रोधक देऊ नये, क्रोन्स आहे."